बोटं जाता कामा नयेत

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चिडलेला आहे. माझ्यासारखी जुनी यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की गोड गोड बोलतात. मी झिजलो, मी सेवा केली, मला कोपऱ्यात टाकलं तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही, वगैरे वगैरे. माझी तक्रार आहे. एका माणसावर माझा दात होता आणि मी त्याचा पुरेपूर वचपा काढला. त्याचं मला आजही काडीइतकं वाईट वाटत नाही. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर खुशाल खेळायला जा.

माझा जन्म एखाद्या झगमगीत कारखान्यात झाला, असं काही नाही. माझा मेंदू एकीकडचा, पोट दुसरीकडचं आणि वरची पत्र्याची पेटी तर कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या यंत्राची. एका दुरुस्तीवाल्याने हे सगळं आपल्या टेबलावर जमवलं आणि मला उभं केलं. दुकान बंद करायची घाई होती म्हणून त्याने माझा पंखा जरासा तिरका बसवला. तेव्हापासून काम सुरू झालं की मी गुरगुरतो. लोकांना वाटतं, बिचारा दमला. दमतोय कशाला? माझा आवाजच तसा आहे.

मला विकत घेतलं मालकांनी. चपलांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांचं व्हिडिओचं दुकान होतं. पुढच्या खोलीत मी, माझ्यासमोर एक खुर्ची आणि भिंतीवर मोठा पडदा. मागच्या खोलीत दिवे, कॅमेरा आणि चित्रणाची जागा. लोकांचे समारंभ, शाळांचे कार्यक्रम, कुणाची भाषणं, असं सगळं मालक कॅमेऱ्यात टिपायचे आणि मग नेटवर चढवायचे. आता कॅमेऱ्यातून जे येतं ते असतं अवाढव्य. ते तसंच्या तसं नेटवर टाकलं तर बघणाऱ्याच्या फोनवर नुसतं चाक फिरत बसतं आणि तो कंटाळून उठून जातो. म्हणून त्याला आवळावं लागतं. जाड गादी लहान ट्रंकेत बसवायची तर माणसं कशी गुडघा टेकून ती दाबतात, तसंच समजा. तो गुडघा म्हणजे मी.

पण नुसता जोर लावून भागत नाही, हे मला मालकांनी शिकवलं. मी सुरुवातीचं एक चित्र पूर्ण ठेवतो आणि त्यानंतर फक्त बदललं तेवढंच टिपून ठेवतो. मागची भिंत जागची हललीच नाही, तर तिला पुन्हा पुन्हा कशाला जपायचं? जे हलतं, त्याला जागा लागते. मालक मला प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायला लावायचे. पहिल्यांदा नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. कुठे सगळं निवांत आहे आणि कुठे धावपळ आहे, ते ध्यानात घ्यायचं. दुसऱ्या फेरीत आवळायचं. निवांत जागी मी चिकटपणा करायचो आणि धावपळीच्या जागी हात सैल सोडायचो. वेळ दुप्पट लागायचा. तेवढ्यात मालक खुर्चीतच डुलकी काढून घ्यायचे.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. टेबलावर तडा गेलेला एक जुनाट फोन पडलेला असायचा. काम झालं की व्हिडिओ आधी त्या फोनवर बघायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. कुणी हसलं तर मालक म्हणायचे, ज्याचा फोन सगळ्यात रद्दी, तोच आपला खरा बघणारा.

मग एक दिवस जिना चढून बाई आल्या. बाई म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलायला लागायच्या आधीच त्या हातांनी बोलायला शिकल्या होत्या. शाळेत न येऊ शकणारी, लांब लांब राहणारी मुलं होती. त्यांच्यासाठी हातांच्या खुणांचे धडे नेटवर टाकायचे, असं त्यांच्या मनात होतं. मुलांच्या घरचं नेट अगदीच मरतुकडं, तेव्हा धडे आकाराने लहानच हवेत. मालकांनी विचारलं, मग त्यात राहायला काय हवं आणि गेलं तर काय चालेल? बाईंनी विचारसुद्धा केला नाही.

"भिंत गेली तरी चालेल. बोटं जाता कामा नयेत."

मालकांना हे असं बोलणं फार आवडायचं. त्यांनी मागच्या खोलीत एक साधा गडद पडदा लावला. त्याला ना नक्षी, ना चुणी. पहिल्या दिवशी बाई फुलाफुलांचे कपडे घालून आल्या, तर मालकांनी त्यांना परत पाठवलं. प्रत्येक फूल हललं की माझी जागा खातं ना! बाई हसत हसत घरी गेल्या आणि एकरंगी कपडे घालून आल्या. शेवटी मालकांनी धड्यातला आवाज काढून टाकला. अगदी मुळापासून. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्या धड्यात आवाजाला जागा कशाला? ती सगळी जागा त्यांनी बोटांना देऊन टाकली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ माणसं आवळली. खुर्चीवर बसून तासभर बोलणारे पुढारी आवळले, नाचणारी वरात आवळली. पण बाईंच्या बोटांसाठी मी जेवढा राबलो तेवढा कुणासाठी राबलो नाही. करंगळी जरा वाकली की अर्थ बदलायचा. अंगठा ओठाला लागला की 'पिणे', आणि त्याच्या पाठोपाठ हनुवटीपाशी दोन बोटं चटकन हलली की 'पिऊ नको'. एवढासा फरक, डोळा लवला तर निसटून जाईल असा. मी तो कधी निसटू दिला नाही.

एकदा एका ट्रक ड्रायव्हरचा दुकानात फोन आला. त्याच्या मुलीला तो चिमणी म्हणायचा. ती सात वर्षांची, अजून शाळेचं तोंड न पाहिलेली. दोघं बापलेक आमच्या धड्यांवरून खुणा शिकत होती. तो मालकांना सांगत होता, की काल पहिल्यांदा चिमणीने आपला कान दुखतोय हे हातांनी सांगितलं. याआधी ती नुसती रडायची आणि घरातले सगळे अंदाज बांधत बसायचे. फोन ठेवल्यावर मालकांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलंस ना रे?" तेवढं कौतुक मला पुष्कळ झालं.

पण चांगले दिवस टिकतात कुठे? मालकांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ती बिघडली. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला साफ मनाई केली. मालक काळा चष्मा लावून घरी बसले आणि दुकानात त्यांचा जावई आला.

त्याचं खरं नाव सगळे विसरले होते. कुठलंही काम सांगा, तो म्हणायचा, होऊन जाईल, फटाफट! म्हणून खालच्या चपलावाल्यापासून सगळे त्याला फटाफटच म्हणायचे. दिसायला रुबाबदार, बोलायला मिठ्ठास. गिऱ्हाईक जिना चढायच्या आत त्याचं हसू दारापर्यंत पोचलेलं असायचं. मी मात्र त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याने आल्या आल्या आपलं जाडजूड जाकीट माझ्या पेटीवर टाकलं, नेमकं माझ्या हवेच्या जाळीवर. मी तापलो, गुरगुरलो आणि थांबलो. त्याने माझ्या कानफटात मारली. "डबडं!" म्हणाला. यंत्राला कानफट कुठे असतं, असं विचारू नका. लागलं तिथे असतं.

त्याने एकच ठरावीक माप बनवलं आणि ते सगळ्यांना लावलं. नाच असो, भाषण असो, बाईंचा धडा असो, बटण एकच. दोनदा बघणं बंद. सेकंदाला जेवढी चित्रं लागतात त्यातली निम्मी गाळायची, कारण डोळ्याला काय कळतंय? तडा गेलेला फोन त्याने खणात टाकला. मालकांचा नियम असा, की मुलांना धडा नीट समजला असं कळेपर्यंत मूळ चित्रण पुसायचं नाही. हा अपलोड झालं रे झालं की पुसायचा, म्हणे जागा अडते.

आणि मग त्याने कळस केला. बाईंचे धडे त्याला फार रुक्ष वाटले. गडद पडदा काढून त्याने त्यांच्या पाठीमागे तरंगणारे रंगीत ठिपके टाकले. कोपऱ्यात दुकानाचं चिन्ह टाकलं, तेही गरागरा फिरणारं. आणि खाली संगीत लावलं. हो मित्रांनो, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या धड्याला संगीत, आणि तेही चांगलं भरगच्च, दणदणीत! फाईल तेवढीच लहान ठेवायची होती. ठिपक्यांनी जागा खाल्ली, फिरत्या चिन्हाने खाल्ली, उरलेली संगीताने गिळली. बोटांच्या वाट्याला काय उरलं? एक गुळगुळीत गोळा. बाईंची पाच बोटं पीठ मळल्यासारखी एकमेकांत मिसळून गेली.

तुम्ही म्हणाल, मग तू ते का केलंस? अरे, आम्हा यंत्रांना 'नाही' म्हणायची सोय कुणी ठेवली आहे का? मी दातओठ खात आवळत राहिलो. आणि मनाशी ठरवलं, की या माणसाची एक दिवस अशी जिरवायची, की त्याला आपली सावलीसुद्धा नकोशी व्हावी.

बाईंच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि नवे धडे आपल्या फोनवर धूसर दिसतात अशी त्यांनी तक्रार केली की फटाफट म्हणायचा, बाई, तुमच्या फोनला जरा ताप आलाय, आमच्याकडे एकदम झकास दिसतंय. त्याच्याकडच्या महागड्या फोनच्या इवल्याशा खिडकीत ते रंगीबेरंगी दिसायचंही. बाईंना शंका येत होती. त्या दोनदा जिना चढून आल्या, दोनदा त्याने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

अशातच 'घरातल्या बाटल्या' हा धडा गेला. आईबापांनी फरशी धुवायच्या औषधाच्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांधावा आणि मुलांनी ओळखावं, दोरा असलेली बाटली प्यायची नाही, असा तो धडा. बाईंनी पाण्याची बाटली उचलली आणि अंगठा ओठाला लावला. मग दोरा बांधलेली बाटली उचलली, अंगठा ओठाला लावला आणि हनुवटीपाशी दोन बोटं हलवली. फटाफटच्या मापात ती हललेली बोटं गेली. निम्मी चित्रं गाळली त्यात काही गेली, बाकीची गोळ्यात विरली. राहिला फक्त ओठाला लागलेला अंगठा, दोन्ही वेळा.

धड्याखाली आईबापांसाठी लिहिलेल्या सूचनेप्रमाणे ड्रायव्हरने बाटलीला दोरा बांधला होता. चिमणीला तहान लागली. तिने स्वयंपाकघरात दोरा बांधलेली बाटली पाहिली, ओळखली आणि आनंदाने तोंडाला लावली. तिच्या आईने ती हातातून उडवली म्हणून बरं, नाहीतर पुढचं मला सांगवतही नाही. एक घोट गेला होता. ओठ भाजले, जीभ भाजली, पोर दवाखान्यात पडून राहिली. वाचली, पण कित्येक दिवस तिला पाणी पितानाही रडू यायचं.

ड्रायव्हर तडक शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी फटाफटला बोलावून जाब विचारला. त्याने सगळं खापर बाईंच्या डोक्यावर फोडलं. बाईंचे हात फार भरभर चालतात, म्हणाला, मुलांना कळणार कसं? आम्ही पडलो तांत्रिक माणसं, जसं येईल तसं देतो. मुख्याध्यापकांनी बाईंचे धडे थांबवले. चौकशी होऊन निकाल लागेपर्यंत त्यांनी मुलांसमोर उभं राहायचं नाही, असं त्यांना सांगितलं. ज्या बाईंनी एवढी वर्षं मुलांना बोलकं केलं, त्यांच्यावर पोरगी मारायला निघाल्याचा ठपका आला. आणि फटाफट? तो दुकानात येऊन शीळ घालत होता.

एवढ्यावर तो थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण त्याला आणखी हवं होतं. त्याने मुख्याध्यापकांना दुकानात बोलावलं. आमचं काम किती चोख आहे ते मोठ्या पडद्यावर दाखवतो, म्हणाला, आणि पुढचे धडे दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. दाखवण्यासाठी त्याने बाईंचा शेवटचा धडा निवडला. तो धडे थांबण्याआधी चित्रित झाला होता आणि अजून कुणी पाहिला नव्हता. औषधांच्या बाटल्यांचा धडा होता, हिरव्या झाकणाची एक आणि पिवळ्या झाकणाची एक. फटाफटने त्यावर आपलं बटण दाबलं. ठिपके, चिन्ह, संगीत, सगळं. आकार अजून मोठा वाटला म्हणून त्याने आवळलेलाच व्हिडिओ पुन्हा एकदा आवळला.

एरवी अशा वेळी मी तापून मध्येच थांबलो असतो. त्या दिवशी नाही थांबलो. त्याने जे जे सांगितलं ते ते मी केलं, अगदी शब्दाला शब्द. जे वाचवता आलं असतं त्यातलं कणभरही वाचवलं नाही. मित्रांनो, यंत्राच्या सूडाची हीच तर मजा आहे.

मुख्याध्यापक आले. त्यांच्या मागून बाई आल्या, न बोलावता. बाईंच्या मागून तो ड्रायव्हर आला, ट्रक खाली रस्त्यावर उभा करून. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या मुलीच्या, म्हणजे फटाफटच्या बायकोच्या, खांद्यावर हात ठेवून, काळा चष्मा लावलेले मालक. बाई सकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून आल्या होत्या. फटाफटचं हसू जरा आकसलं, पण लगेच त्याने सासऱ्यांना खुर्ची दिली. "या ना बाबा, या, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

धडा सुरू झाला. संगीत घुमलं, ठिपके तरंगले, चिन्ह गरगरलं. मुख्याध्यापकांनी तर कौतुकाने मान हलवली. तेव्हा बाई उठल्या आणि त्यांनी आवाज बंद केला. म्हणाल्या, मुलं बघतात तसं बघू या. पडद्यावर एक बाई होती आणि तिच्या मनगटांच्या पुढे दोन गोळे हलत होते. बाकी काही नाही.

फटाफटने घसा खाकरला आणि तेच जुनं पालुपद लावलं, बाईंचा वेगच फार. मालक शांतपणे म्हणाले, माझ्या वेळचा एखादा धडा लावा की जावईबापू. ते जुने धडे नेटवर होतेच. 'दार आणि कडी' हा धडा लागला. तेच हात, तोच वेग. ड्रायव्हर पडद्याकडे बघत एकेक शब्द मोठ्याने सांगत गेला. दार लाव. कडी घाल. अनोळखी माणूस आला तर आईला बोलाव. तो कुठेही अडला नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा सावरला आणि ते पुढे सरकून बसले.

मग बाईंनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीचं झाकण हिरवं, दुसरीचं पिवळं. दोन्हींत पाण्यासारखंच काहीतरी.

"तुमचा नवा धडा पुन्हा लावा," त्या फटाफटला म्हणाल्या. "तो बघून सांगा, यातली कुठली प्यायची. आणि मग पिऊन दाखवा."

फटाफट हसला. कुणीच हसलं नाही म्हटल्यावर थांबला. त्याने धडा लावला. दोन बाटल्या, दोन गोळे. पुन्हा लावला. मग हिरव्या बाटलीकडे हात नेत म्हणाला, ही असणार. बाई म्हणाल्या, मग प्या. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, यात काय आहे? बाई म्हणाल्या, धड्यात सांगितलंय.

त्याने बाटली खाली ठेवली. मग त्याला सुचली ती नेहमीची पळवाट. म्हणाला, हे डबडं हँग होतंय, त्यामुळे चित्र नीट येत नाही, नंतर कधीतरी बघू. आणि त्याने टेबलाखालून मला लाथ घातली. त्याला वाटलं, मी थांबेन. इतक्या दिवसांत मी थांबू नये म्हणून त्याने मला मारलं होतं, आज थांबावं म्हणून मारत होता. मी थांबलो? छे! मी असा सुरळीत चाललो, की नवं कोरं यंत्रही लाजावं. तो धडा मी एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढे फिरवत राहिलो. बटणं दाबून त्याचा अंगठा दुखला असेल. अहाहा! त्या घटकेसाठी मी सगळे मार विसरायला तयार आहे. म्हणजे विसरलेलो नाही, पण तयार आहे.

ड्रायव्हर इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला नाही, आवाजही चढवला नाही.

"साहेब, तुम्ही एवढे मोठे, तुम्हाला घोट घ्यायची भीती वाटते. माझ्या पोरीला नाही वाटली. तिने तुमचा धडा खरा मानला."

फटाफटची मान खाली गेली. बाईंनी हिरवी बाटली उचलली आणि घटाघटा प्यायल्या. मग पिवळी उचलली, तीही प्यायल्या. दोन्हींत पाणीच होतं. त्या म्हणाल्या, मी कुणापुढे विष ठेवत नाही, तुमच्यापुढेही ठेवणार नाही. मुख्याध्यापकांनी उभं राहून तिथल्या तिथे बाईंची माफी मागितली. उद्यापासून वर्ग तुमचा, धडे तुमचे, म्हणाले.

मालकांनी जावयाला हाकललं नाही. मला तर वाटत होतं, जिन्यावरून गडगडत जावा. पण मालकांनी त्याच्यासाठी त्याहून चांगली तजवीज केली. मूळ चित्रण तर त्याने पुसून टाकलेलं, म्हणजे त्याच्या हातून गेलेले सगळे धडे पुन्हा करणं आलं. ते त्यानेच करायचे. माझ्यावरच करायचे, दोनदा बघून. प्रत्येक धडा त्या तडकलेल्या फोनवर, आवाजाशिवाय बघायचा आणि त्यात बाई काय म्हणतात ते बाईंना सांगून दाखवायचं. चुकलं तर पुन्हा. म्हणजे आता त्याला खुणा शिकल्याशिवाय सुटका नाही. बायकोने घरी आणखी काय काय सुनावलं ते मला माहीत नाही, पण तो बरेच दिवस डबा न घेताच यायचा. आणि मी? मी सावकाश चालतो. मला जरा लवकर आटपता येतं, नाही असं नाही. पण मी मुद्दाम रमतगमत चालतो. तो समोर बसून जांभया देतो. एकदाही 'फटाफट' म्हणालेला नाही.

ड्रायव्हरची एकच मागणी होती. साहेबांनी माफी मागायची, पण माझ्याकडे नाही, चिमणीकडे, आणि तिच्या भाषेत. बाईंनी ती वाक्यं फटाफटकडून घोटून घेतली. एकरंगी सदरा घालून तो गडद पडद्यापुढे उभा राहिला. मी चुकीचं दाखवलं. दोरा असलेली बाटली पिऊ नको. तुला लागलं, चूक माझी. मग ते चित्रण माझ्याकडे आलं.

आता तो माझ्या तावडीत होता. मनात आणलं असतं तर त्याच्या हातांचा मी पार लगदा केला असता. तोही तेच समजून माझ्याकडे बघत बसला होता. पण त्याने मला किती ओळखलं होतं? मी ते चित्रण दोनदा पाहिलं, जीव लावून पाहिलं. पडदा, सदरा, दिव्याचा उजेड, सगळ्यात काटकसर केली आणि जागा दिली त्याच्या चेहऱ्याला आणि हातांना. त्याच्या बोटांना सुटलेला कंप जसाच्या तसा ठेवला. खाली गेलेले डोळे ठेवले. 'चूक माझी' म्हणताना त्याचा ओठ दाबला गेला, तोही ठेवला. लपायला त्याला जागाच ठेवली नाही. कितीही रद्दी फोनवर बघा, लख्ख दिसेल.

दोन दिवसांनी ड्रायव्हरने चिमणीचं उत्तर पाठवलं. ती स्वयंपाकघरात उभी होती, ओठांवर अजून खपल्या. तिने हातांनी काहीतरी भराभर सांगितलं, कपाळाला आठी घालून. बाईंनी ते फटाफटला वाचून दाखवलं.

"तुझं 'पिऊ नको' नीट नाही. बोटं वर घे. पुन्हा दाखव."

फटाफट मागच्या खोलीत गेला आणि पडद्यापुढे उभा राहिला.

तर मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या जाळीवर जाकिटं टाकू नका, ते तर कराच. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. तुम्ही पुढे मोठे व्हाल, बोटाच्या एका टोकाने काहीही आवळून जगभर पाठवाल. पाठवण्याआधी ते एकदा पलीकडच्या माणसाच्या फोनवर, त्याच्यासारखे होऊन बघा. मध्ये काय गाळलं गेलं, हे त्याला कधीच कळणार नाही. तो समोर दिसेल तेच खरं मानेल आणि बाटली तोंडाला लावेल.